कोणीच न पुसलेला चेहरा

१

चेहरा हरवल्याचं कळलं तो सोमवार होता. सर्व्हेअर त्या दिवशी वारलेल्या बायकोच्या वस्तू न्यायला तिच्या वर्कशॉपमध्ये आला होता.

वस्तू फार नव्हत्याच. खुंटीवरचा पांढरा कोट, टेबलाखालच्या चपला, टवका उडालेला कप आणि खिडकीतलं एक रोपटं. "कधीतरी येऊन घेऊन जा, घाई नाही," असं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं, आणि ते 'कधीतरी' त्यानं जमेल तितकं लांबवलं होतं. शेवटी रोपट्याला पाणी कोण घालत असेल या विचारानं तो उठला आणि शुक्रवारी फोन करून सोमवारी येतो म्हणाला. आल्यावर कळलं की पाणी सगळेच घालत होते. येताजाता प्रत्येक जण पेलाभर ओतायचा. मुळं कुजून रोपटं पिवळं पडलं होतं.

वर्कशॉप माणसांच्या चेहऱ्याचे भाग बनवणारं होतं. आजारात किंवा अपघातात कोणाचं नाक जातं, कोणाचा कान, कोणाचा डोळ्यासकट गाल. त्यांना इथे रबरासारख्या मऊ पदार्थाचा तसाच भाग करून मिळतो. सर्व्हेअरची बायको इथली कॉम्प्युटरवाली. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या चेहऱ्याचं माप कॅमेऱ्यानं घेऊन साठवायचं, म्हणजे नंतर तोच चेहरा परत घडवता येतो, ही सगळी व्यवस्था तिनं उभी केली होती. अवघड मापं तर ती दुसऱ्या कोणाला घेऊच द्यायची नाही. तिला सगळे 'ताई' म्हणत, त्यामुळे सर्व्हेअर आपोआप सगळ्यांचा 'भाऊजी' झाला होता.

तो स्वतः विमा कंपनीचा सर्व्हेअर. कुठे गोदाम जळलं, कारखाना जळला की राख थंड झाल्यावर तिथे जायचं आणि आग कशानं लागली ते शोधायचं, हे त्याचं काम. कॉम्प्युटरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

दाराशी त्याची मेहुणी बसायची. बायकोची सख्खी धाकटी बहीण. सगळे तिला 'धाकटी'च म्हणत. तिच्या मागे भिंतीवर एक मोठा पडदा होता. त्यावर कामावरच्या सगळ्यांची नावं, आणि आलेल्याच्या नावापुढे हिरवा दिवा, न आलेल्याच्या नावापुढे लाल. त्या पडद्याची सर्व्हेअरला घरून निघाल्यापासून धास्ती वाटत होती. त्यानं एकदाच नजर वर केली. बायकोचं नाव तिथे नव्हतं. त्याला बरं वाटलं.

"चहा घेणार, भाऊजी?" धाकटीनं विचारलं.

"नको. कोट तेवढा घेतो."

तेवढ्यात आतल्या खोलीतून डॉक्टरबाईंचा आवाज आला. त्या वर्कशॉपच्या प्रमुख. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"नाही म्हणजे काय? चेहरा नाही म्हणजे काय?"

२

आत खुर्चीवर एक बसड्रायव्हर बसला होता. अर्ध्या चेहऱ्यावर कापड गुंडाळलेलं. त्याचा डावा गाल, डोळा आणि जबड्याचा तुकडा गाठीबरोबर काढून टाकावा लागला होता. आज मेणाचा पहिला नमुना लावून बघायचा होता. समोरचा पडदा काळा होता. त्यावर एवढंच लिहून आलं होतं की या पेशंटचा चेहरा सापडत नाही.

"पुन्हा माप घ्या की," ड्रायव्हर म्हणाला. अर्ध्या जबड्यानं बोलताना त्याचे शब्द जड येत होते. मग त्याचं त्यालाच उमगलं. "पण कशाचं घेणार म्हणा."

माप ज्याचं घ्यायचं तो गालच आता जगात नव्हता.

"फोटो आहेत ना तुमचे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी लोकांचे फोटो काढणाऱ्यांतला, बाई. एक लायसनवरचा आहे. त्यात तर मी चोरासारखा दिसतो." तो हसायला गेला, आणि कापड घसरलं तसं घाईनं धरून बसला. "माझी पोरगी पाच वर्षांची आहे. दारातून हात करते, जवळ येत नाही. मी तिला सांगितलंय, सोमवारी बाबा जुना चेहरा घेऊन येतो म्हणून."

डॉक्टरबाईंच्या शेजारी एक तरुण उभा होता. ताईनंतर आलेला सॉफ्टवेअरचा आर्किटेक्ट. हुशार, पण शब्द तोलून बोलण्याची सवय अजून लागलेली नव्हती.

"हा एकच नाही," तो म्हणाला. "ताईंचे जवळजवळ सगळे पेशंट गेलेत. मी आल्या दिवसापासून सांगतोय, त्यांनी जी रचना निवडली तीच चुकीची होती. ऑब्जेक्ट डेटाबेस! आजकाल कोण ठेवतं? माझं ऐकाल तर आज संध्याकाळी जे उरलंय ते नव्या सिस्टिममध्ये हलवतो आणि हे जुनं मशीन पुसून टाकतो."

मग दारात उभा असलेला सर्व्हेअर त्याला दिसला आणि त्यानं जीभ चावली.

सर्व्हेअरच्या हातात बायकोचा कोट होता. तो त्यानं पुन्हा खुंटीला लावला.

"डॉक्टरबाई, मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण जिथे आग लागली तिथे चौकशीआधी कोणी झाडू मारू नये, एवढं कळतं. संध्याकाळपर्यंत त्या मशीनला कोणी हात लावू नका. मला चार माणसांशी बोलू द्या."

"भाऊजी, तुम्ही आज..."

"दोष तिच्या माथी मारायचा असेल तर मारा. पण आधी बघू द्या."

डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "सकाळपासून दोन नव्या पेशंटची मापं त्यात साठवून झालीत. आता थांबवते. संध्याकाळपर्यंत. त्यापुढे मला पेशंट थांबवता येणार नाहीत."

३

पहिला नंबर आर्किटेक्टचा. सर्व्हेअरनं त्याला समोर न बसवता शेजारी बसवलं. जळलेल्या कारखान्यांच्या मालकांशीही तो असाच बोलायचा.

"ही रचना काय भानगड आहे ते मला सांग. मी इयत्ता चौथीत आहे असं समज."

आर्किटेक्टनं कपाळ चोळलं. "बहुतेक ठिकाणी माहिती तक्त्यांत ठेवतात. म्हणजे चेहरा मोडून ठेवायचा. नाकं एका तक्त्यात, कान दुसऱ्यात, त्वचेचे रंग तिसऱ्यात. पाहिजे तेव्हा जुळवून चेहरा उभा करायचा. ताईंच्या पद्धतीत चेहरा मोडत नाहीत. अख्खी वस्तू जशी आहे तशी ठेवतात. चेहऱ्यापासून गालाकडे एक धागा, डोळ्याकडे एक धागा. धागा धरून गेलं की पुढची वस्तू मिळते."

"म्हणजे अख्खा चेहरा अख्खाच ठेवायचा." हे वाक्य सर्व्हेअरनं घरी जेवताना कितीदा ऐकलं होतं. त्या वेळी त्यानं फक्त आमटी पुढे सरकवली होती.

"हो. चेहऱ्यासारख्या गुंतागुंतीच्या गोष्टीला ते बरं पडतं, हे मी नाकारत नाही. पण वाट एकच असते ना, धाग्याची. तक्त्यात निदान सगळी नाकं तरी एका जागी सापडतात."

"तुला तक्ते आणायचे होते. आज तुझं बोलणं खरं ठरलं."

तरुण लालबुंद झाला. "म्हणून मी लोकांचे चेहरे पुसले, असं म्हणायचंय तुम्हाला? या, दाखवतो." त्यानं कॉम्प्युटर वळवला. "इथे कोणी काही पुसलं की माणसाच्या नावासकट नोंद होते. बघा. कोणीच काही पुसलेलं नाही. मी नाही, कोणीच नाही."

"ही नोंद कोणाला खोडता येते?"

"कोणालाच नाही. ताईंनी तशी सोयच ठेवली नव्हती. सांगायचं तर, याच गोष्टीनं माझी झोप उडणार आहे. वस्तू गेल्यात, आणि पुसल्या कोणीच नाहीत."

दुसरा माणूस मशिनं सांभाळणारा. सगळ्याची जादा प्रत म्हणजे बॅकअप काढून ठेवायचं काम त्याचं, म्हणून त्याचं नावच 'बॅकअप' पडलं होतं. जाडजूड, भित्रा, खिशात कायम चिक्की. तो तळघरातल्या मशीनच्या खोलीत स्टुलावर बसून होता.

"तुमची वाटच बघत होतो, भाऊजी. घाला बेड्या."

"का रे? केलंस काय?"

"काही नाही केलं. तेच तर." त्यानं चिक्कीचा कागद उगाच घडी केला. "मी शनिवारी प्रत काढतो. ही मापं इतकी अवजड असतात की नवी प्रत आली की जुनीवरच चढते. दुसरी ठेवायला जागा द्या म्हणून मी बोंबलत होतो, पण माझा बॅकअप कोण घेणार? आज बाई ओरडल्या तसा मी पळत खाली आलो आणि शनिवारची प्रत उघडली."

"मग?"

"त्यातही चेहरे नाहीत, भाऊजी. शनिवारीच नव्हते. आणि शुक्रवारी दुपारी त्या ड्रायव्हरचा चेहरा मी माझ्या या डोळ्यांनी काकांच्या पडद्यावर पाहिलाय."

सर्व्हेअर जिना चढताना मधेच थांबला. शुक्रवारी दुपारी होते. शनिवारी नव्हते. आणि पुसले कोणीच नाहीत.

४

काका म्हणजे डोळे रंगवणारे. खोट्या बुबुळावर केसभर ब्रशनं एकेक रेघ काढत आयुष्य गेलं होतं. ताईला ते मुलगी मानायचे, त्यामुळे इथे सर्व्हेअरला 'भाऊजी' न म्हणणारे तेवढे एकटेच.

"या जावईबापू. सासुरवाडीत चौकशी बसवलीत म्हणे."

"तुम्ही पण संशयित आहात, काका."

"असू दे. या वयात कोणी संशय घेतला तरी बरं वाटतं." त्यांनी ब्रश पुसला, आणि चेहरा एकदम उतरला. "तिच्या नावानं काही ऐकवलं का त्या पोरानं?"

"चूक तिची आहे म्हणतो. असेलही."

"तुम्ही असं म्हणता?"

"मला माहीत नाही, म्हणून म्हणतो." सर्व्हेअर स्टुलावर टेकला. "काका, आग लागली की सगळे मला काय जळलं ते दाखवतात. मी काय जळलं नाही ते बघतो. चार पोती जळाली आणि मधलं एक वाचलं, तर ते का वाचलं हे कळलं की आग कुठून आली ते कळतं. तिच्या पेशंटांचं काही उरलंय का?"

काकांनी मान हलवली. "उरलंय ना. सकाळपासून मी त्याच्याकडेच बघतोय. कोणी विचारलंच नाही."

त्यांनी आपला पडदा त्याच्याकडे वळवला. काळ्या पडद्याच्या मधोमध एक डोळा होता. गाल नाही, भुवई नाही, पापणीभोवतीची कातडी नाही. तपकिरी बुबुळाचा एकच उघडा डोळा, अधांतरी.

"ड्रायव्हरचा," काका म्हणाले. "मी रंगवायला घेतलेला."

सर्व्हेअरनं त्यावरून नजर काढली नाही. "हा एकच का राहिला?"

"हा माझ्याकडे होता म्हणून असेल. ताईनं चेहरा तिच्याकडे ठेवला होता आणि डोळा तेवढा मला दिला होता. तसाच एका म्हातारबाईंचा कान साचे करणाऱ्या नव्या मुलीकडे दिलेला, तोही आहे. बाकीच्या बाई गेल्या."

"डोळ्यावरून चेहऱ्याकडे जाता येत नाही?"

"मघाशी त्या पोराला मी तेच विचारलं. म्हणाला, धागा चेहऱ्याकडून डोळ्याकडे जातो, उलटा येत नाही."

"म्हणजे जे तिच्या एकटीकडे होतं ते गेलं. जे आणखी कोणाकडे होतं ते राहिलं."

"दिसतंय तर तसंच." काका थोडे घुटमळले. "आणखी एक गेलंय, जावईबापू. सांगू की नको असं झालंय मला."

"सांगा."

"हे सगळं उभं करताना तिनं पहिला चेहरा साठवला तो तुमचा होता. ती म्हणाली, सगळ्यात जास्त वेळा बघितलेला चेहरा हाच आहे, चूक झाली तर लगेच कळेल. कधी काम अडलं की ती तो उघडून बसायची. आम्ही चिडवायचो तिला. तोही नाही आता."

एका रविवारी तिनं त्याला खुर्चीत बसवून चहूबाजूंनी कॅमेरा फिरवला होता, ते त्याला आठवलं. "हलू नका हो, नाकाला खाज आता सुटू नये," म्हणत होती.

मग त्याच्यातल्या सर्व्हेअरनं मान वर केली. ज्याला ताईच्या पद्धतीला बट्टा लावायचा होता तो पेशंटचे चेहरे पुसेल. पेशंटचा वैरी असेल तर एकाचाच पुसेल. पण नवऱ्याचा चेहरा पुसून कोणाला काय मिळणार? कुणी पेशंटवर उठलेलं नव्हतं. जे गेलं ते फक्त तिचं होतं म्हणून गेलं होतं.

"काका, इथून याआधी कोणी काम सोडून गेलं होतं?"

"तो जुना साचेवाला गेला की. जाण्याआधी ताई त्याला घेऊन बसली होती. त्याचे सगळे पेशंट एकेक करून माझ्या नावावर आणि स्वतःच्या नावावर केले. मग म्हणाली, आता जा बाबा, आता तुझं नाव काढते."

"नाव कुठून काढते?"

काकांनी ब्रशनं दाराकडे दाखवलं. तिथे धाकटीच्या मागच्या भिंतीवर हिरवे दिवे लागलेले दिसत होते.

५

तो आर्किटेक्टकडे परत गेला. "एकच विचारतो. कोणीच धरून ठेवलं नाही अशा वस्तूचं इथे काय होतं?"

"तिच्याकडे जाणारा एकही धागा नसेल तर? रविवारी सफाई होते, त्यात ती जागा मोकळी धरली जाते. याला पुसणं म्हणत नाहीत, म्हणून नोंदही..." तो बोलता बोलता थांबला. त्याचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. "पण सगळ्यात वरचा धागा कुठून सुरू होतो, हे मी कधी बघितलंच नाही. पेशंटच्या यादीतून होत असेल असं मी धरून चाललो."

"बघ आता."

त्यानं बघितलं. वेळ लागला. मग तो खुर्चीतच मागे टेकला. "पेशंटची यादी नाहीच. ताईंनी पेशंट माणसांच्या हातात दिलेत. कामावरच्या माणसाकडून पेशंटकडे धागा. आणि माणसं टांगलीत ती... बाहेरच्या हजेरीच्या पडद्यावर. बॅकअपची प्रतसुद्धा तिथूनच खाली उतरत येते."

सर्व्हेअर उठला. हे कारण त्याला सापडायला नको होतं. जळलेल्या घरात कारण सापडलं की ते बहुतेक वेळा असंच असतं, देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखं. कोणीतरी चांगल्या मनानं लावलेलं.

दाराशी धाकटी एका पेशंटला पुढची तारीख देत होती. तो जाईपर्यंत सर्व्हेअर थांबला. मग तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"पडद्यावरून ताईचं नाव तू काढलंस?"

धाकटीनं चटकन वर पाहिलं. "हो. म्हणजे... माझंच काम आहे ना ते. कोणी आलं की घालायचं, गेलं की काढायचं. विचारायला हवं होतं का? भाऊजी, तुम्हाला वाईट वाटलं का?"

"नाही. कधी काढलंस?"

"शुक्रवारी संध्याकाळी." तिचे डोळे भरून आले. "रोज सकाळी मी हा पडदा लावते. सगळे हिरवे होत जातात आणि ताईचं नाव लाल. पुढे लिहून येतं, अजून आलेली नाही. रोज, भाऊजी. एका पेशंटनं विचारलं, ताई रजेवर आहेत का? तेही मी गिळलं. सगळे म्हणायचे, राहू दे नाव, बरं वाटतं. मलाही काढवत नव्हतं. पण शुक्रवारी तुमचा फोन आला, सोमवारी येतो म्हणून. म्हटलं, मी रोज बघते ते बघते. तुमच्या नजरेला नको पडायला."

सर्व्हेअर खाली बघत राहिला. सकाळी या दारातून आत येताना त्यानं नजर वर केली होती आणि त्याला बरं वाटलं होतं.

"का विचारताय?" धाकटी म्हणाली. मग आतली कुजबुज, बाकावर कापड धरून बसलेला ड्रायव्हर, आणि समोर खाली मान घालून बसलेले भाऊजी, हे सगळं तिनं एकदम पाहिलं. तिच्या तोंडचा रंग उडाला. "भाऊजी... माझ्यामुळे?"

६

डॉक्टरबाईंच्या खोलीत सगळे जमले तेव्हा सर्व्हेअर सांगायला उभा राहिला. पण त्याच्याआधी धाकटीच बोलली. तिनं जे केलं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कोणी तिच्याकडे बघेना. साचेवाल्याच्या जागी आलेल्या नव्या मुलीनं तेवढा तिचा हात धरला.

मग सर्व्हेअरनं धागा शेवटपासून सुरुवातीपर्यंत उलगडला. नाव शुक्रवारी निघालं. नावाबरोबर त्या नावाच्या हातात असलेले सगळे चेहरे सुटले. शनिवारची प्रत नावांवरून खाली उतरते, तिला ते दिसलेच नाहीत. रविवारी सफाईनं बेवारशी समजून जागा मोकळी केली. काकांनी धरलेला डोळा आणि साच्यांच्या मुलीकडचा कान तेवढे वाचले.

"मग चूक कोणाची समजायची?" डॉक्टरबाईंनी विचारलं. त्या रागानं विचारत नव्हत्या. उत्तर त्यांना खरंच हवं होतं.

"ठिणगी हिची," सर्व्हेअर म्हणाला. "पण मी अहवालात नुसती ठिणगी लिहीत नाही. सुकं गवत कोणी रचलं तेही लिहितो." त्याला श्वास घ्यावा लागला. "गवत माझ्या बायकोनं रचलं होतं. चेहरा कोणाच्या तरी हातात असावा, वाऱ्यावर नसावा, असं तिला वाटायचं. ते बरोबरच होतं. पण माणूस मरतो, हे तिनं धरलं नाही. दुसऱ्यांची नावं काढताना ती आधी त्यांचे पेशंट काढून घ्यायची, आणि हे फक्त तिलाच माहीत होतं. तिचं नाव काढायची वेळ येईल तेव्हा ती इथे नसेल, याचा तिनं विचार केला नाही. मीही केला नव्हता."

आर्किटेक्ट टेबलाकडे बघत म्हणाला, "मी आलो त्या दिवशी हे तपासायला हवं होतं. रचनेला नावं ठेवत बसलो, वाचली नाही."

"आता ते चेहरे कुठे आहेत?" हा प्रश्न दारातून आला. ड्रायव्हर उठून आला होता. "मला चूक कोणाची ते नको. चेहरा कुठंय?"

बॅकअप पहिल्यांदाच ताठ बसला. "सफाईत जागा मोकळी धरतात, पण तिथलं लगेच जात नाही," तो म्हणाला. "वर नवीन काही लिहीपर्यंत खालचं तसंच पडून असतं. संध्याकाळी मशीन पुसलं असतं तर संपलंच होतं. भाऊजींनी थांबवलं म्हणून..." त्यानं आर्किटेक्टकडे पाहिलं. "धाग्याशिवाय नुसती जमीन उकरायची आहे. येतोस का? चिक्की आहे."

"चल," आर्किटेक्ट म्हणाला. जाताना तो धाकटीपाशी थांबला. "मी असतो तरी तेच केलं असतं. मला तर तो पडदा नुसता हजेरीचाच वाटत होता."

तो आठवडा वर्कशॉप बंद ठेवलं. दोघं तळघरात बसून एकेक चेहरा ओळखून वर पाठवत होते. पण वर ठेवायचा तर तो कोणाच्या तरी हातात द्यावा लागत होता, आणि त्या चेहऱ्यांना एकच हात माहीत होता. त्यामुळे पहिलं काम धाकटीला करावं लागलं. ताईचं नाव तिनं परत पडद्यावर घातलं. अक्षरं टाइप करताना सर्व्हेअर तिच्या मागे उभा होता. नाव लागलं, पुढे लाल दिवा लागला, 'अजून आलेली नाही' असं उमटलं. दोघांनी ते वाचलं.

"राहू दे," तो म्हणाला. "मला चालेल."

नंतर आर्किटेक्टनं पेशंटसाठी वेगळी यादी केली, म्हणजे कोणी गेलं तरी चेहरे सुटणार नाहीत. तक्ते काही त्यानं आणले नाहीत. अख्खा चेहरा अख्खाच ठेवला. बॅकअपला दुसऱ्या प्रतीसाठी जागा मिळाली. बहुतेक पेशंट सापडले. जे सापडले नाहीत ते सोमवारी सकाळी घेतलेल्या दोन नव्या मापांखाली दबले होते. सर्व्हेअरचा चेहरा त्यांत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुन्हा माप घेऊ, तुमचा तर आहे अजून. तो 'बघू' म्हणाला. रोपटं तेवढं घरी नेलं. कोट तिथेच आहे.

ड्रायव्हरचा गाल मिळाला, भुवई मिळाली. काकांचा डोळा आपल्या जागी जाऊन बसला. तो दिसला तेव्हा ड्रायव्हर पडद्यासमोरून उठेना. पण कानाखालून हनुवटीपर्यंतचा तुकडा त्या दोन मापांखाली गेला. काकांनी तो मेणात हातानं घडवायला घेतला. ड्रायव्हर परवा मुलीला घेऊन आला होता. ती दारातच थांबली आणि तिथूनच काकांना म्हणाली, "असा नाही. बाबांचा इथे खड्डा होता." कुठे, म्हणून काकांनी विचारलं, तर आपल्याच हनुवटीशेजारी बोट ठेवलं. काकांनी मेण खरवडून पुन्हा लावलं. तिनं मान हलवली. अजून तसा नाही म्हणाली.

ती पुन्हा गुरुवारी येणार आहे. जबडा अजून व्हायचा आहे.